रेझोल्यूट ते लाँगयरब्येन : अंतर २,४८२ किलोमीटर, वेळ मात्र कोणत्या विमानाचा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅनडाच्या नुनावुत प्रदेशातील रेझोल्यूट बे आणि नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील लाँगयरब्येन या दोन विमानतळांमधील अंतर एका संकेतस्थळावर २,४७२ किलोमीटर आणि उड्डाणाचा वेळ ३ तास ३४ मिनिटे असा दाखवला आहे. काही उपकरणे पहिल्या ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी आणि तेथून पुढे नी-ऑलेसुंड येथील ‘हिमाद्री’ या भारतीय संशोधन केंद्रापर्यंत न्यायची असल्यास हे आकडे प्रकल्पाच्या प्रस्तावात तसेच लिहावेत काय? माझे उत्तर असे की अंतराचा आकडा किरकोळ दुरुस्ती करून लिहावा आणि वेळेचा आकडा अजिबात लिहू नये, कारण या दोन गावांमध्ये थेट प्रवासी विमानसेवाच नाही. मी वीसहून अधिक वर्षे फ्लाइट डिस्पॅचर (जमिनीवरून उड्डाणाचा मार्ग व इंधन ठरवणारा) म्हणून काम केले असून त्यातील बराच काळ उत्तर ध्रुवाजवळून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या उड्डाणांचे नियोजन करण्यात गेला आहे. त्यामुळे हा आकडा कोठून आला आणि तो का टिकत नाही, हे जरा सविस्तर सांगतो.

प्रथम तो वेळ कसा निघाला ते पाहू. अशी संकेतस्थळे कोणत्याही दोन विमानतळांमधील अंतर घेतात, त्याला ताशी ८०० ते ८५० किलोमीटर अशा एका ठरीव वेगाने भागतात आणि चढण, उतरण व जमिनीवरच्या हालचालींसाठी अर्धा तास मिळवतात. २,४७२ ला ८०५ ने भागल्यास ३ तास ४ मिनिटे येतात आणि त्यात ३० मिनिटे मिळवली की आपण पाहिलेला आकडा तयार होतो. मुंबई ते दिल्ली किंवा ओस्लो ते माद्रिद अशा मार्गावर हा ठोकताळा चालून जातो, कारण तेथे जेट विमाने खरोखर उडतात, धावपट्ट्या डांबरी असतात आणि वाटेत उतरायला दहा जागा असतात. आर्क्टिकमध्ये यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही.

अंतराकडे वळू. रेझोल्यूटचा विमानतळ ७४.७१७ अंश उत्तर, ९४.९६९ अंश पश्चिम येथे आहे आणि लाँगयरब्येनचा ७८.२४६ अंश उत्तर, १५.४६६ अंश पूर्व येथे. रेखांशांतील फरक ११०.४३५ अंश होतो. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा, दोन्हींच्या कोसाइनच्या गुणाकाराला रेखांशफरकाच्या कोसाइनने गुणून तो त्यात मिळवावा, आणि येणाऱ्या संख्येचा व्यस्त कोसाइन घ्यावा. येथे ती संख्या ०.९२५६६ येते आणि तिचा कोन २२.२३ अंश. पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा शुद्ध गोल मानली तर एका अंशाला १११.१९५ किलोमीटर पडतात आणि अंतर २,४७२ किलोमीटर भरते. म्हणजे संकेतस्थळाने गणित अचूक केले आहे, पण गोलावर.

खरी पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे, आणि येथे बहुतेकांची गफलत होते. चपटी म्हटल्यावर ध्रुवाजवळचा अक्षांशाचा अंश लहान असेल असे वाटते, पण तो मोठा असतो. पृष्ठभाग जितका सपाट तितकी त्याची वक्रता-त्रिज्या मोठी, आणि म्हणून तोच एक अंश चालायला जास्त जमीन लागते. विषुववृत्तावर अक्षांशाचा एक अंश ११०.५७ किलोमीटर असतो आणि ध्रुवाशी १११.६९ किलोमीटर. या मार्गाच्या परिसरात वक्रता-त्रिज्या ६,३९८ किलोमीटरच्या आसपास असल्याने खरे अंतर सुमारे २,४८२ किलोमीटर, म्हणजे १,३४० सागरी मैल येते. दहा किलोमीटरचा हा फरक जेट विमानाला एका मिनिटाहूनही कमी वेळाचा आहे, त्यामुळे वेळेवर त्याचा परिणाम नाही. तरीही प्रस्तावात आकडा लिहायचाच असेल तर लंबगोलावरचा, म्हणजे चपट्या पृथ्वीवरचा, लिहावा, कारण तो तपासणारा भूगणिताचा जाणकार असण्याची शक्यता आहे.

नकाशा मात्र याहून मोठा घोळ घालतो. भिंतीवरच्या नेहमीच्या मर्केटर नकाशावर ही दोन ठिकाणे पट्टीने जोडली तर रेघ जवळजवळ आडवी, किंचित उत्तरेकडे चढत पूर्वेला जाते. विमानाने त्या रेघेवरून, म्हणजे सतत एकच दिशाकोन धरून उड्डाण केले तर त्याला सुमारे २,८८० किलोमीटर कापावे लागतील, थेट मार्गापेक्षा चारशे किलोमीटर अधिक. सर्वांत जवळची वाट कॉर्नवॉलिस बेटावरून ईशान्येकडे निघते, एल्समियर बेट ओलांडते, ग्रीनलंडच्या उत्तर टोकाकडील बर्फावर ८२.४ अंश उत्तरेपर्यंत चढते आणि मग आग्नेयेला वळत स्वालबार्डला उतरते. घरात पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोरा ताणून पाहावा. दहा सेकंदांत जे कळते ते नकाशाचे पुस्तक तासभर चाळून कळत नाही.

या वाटेची आणखी एक गंमत आहे, आणि ती वैमानिकाला गंमत वाटत नाही. निघताना विमानाचा खरा, म्हणजे भौगोलिक उत्तरेपासून मोजलेला, दिशाकोन ३० अंश असतो आणि पोहोचताना १३९ अंश. विमान कोठेही वळलेले नसते. ते सरळच जात असते, पण रेखावृत्ते ध्रुवाकडे एकवटत असल्याने त्याच सरळ रेघेने प्रत्येक रेखावृत्ताशी केलेला कोन बदलत जातो, आणि साधारण तीन तासांत तो १०९ अंशांनी बदलतो. त्यात चुंबकीय होकायंत्राचा येथे उपयोग नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर चुंबकीय ध्रुव रेझोल्यूटपासून फार दूर नव्हता. पुढे तो सैबेरियाच्या दिशेने सरकत गेला, तरीही चुंबकाची आडवी ओढ या भागात इतकी क्षीण आहे की सुई भरवशाची राहत नाही. म्हणून कॅनडाच्या उत्तर हवाईक्षेत्रात सर्व दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजतात आणि रेझोल्यूटच्या धावपट्टीच्या १७ व ३५ या क्रमांकांपुढे ‘खरी दिशा’ दर्शवणारे अक्षर लावलेले असते. जगात इतरत्र धावपट्टीचे क्रमांक चुंबकीय उत्तरेवरून ठरतात.

हा केवळ पुस्तकी तपशील नाही. २० ऑगस्ट २०११ रोजी यलोनाइफहून आलेले एक बोइंग ७३७ विमान रेझोल्यूटला उतरताना धावपट्टीच्या पूर्वेकडील टेकडीवर आदळले आणि विमानातील १५ पैकी १२ जण मृत्युमुखी पडले. तपासात अनेक कारणे एकत्र आलेली दिसली. उतरण उशिरा सुरू झाली होती आणि स्वयंचलित चालकाची (ऑटोपायलटची) पद्धत नकळत बदलली होती. त्यांच्या जोडीला दिशादर्शक यंत्रणेत साचलेली चूक होती, जी अखेरच्या टप्प्यात सुमारे १७ अंशांपर्यंत गेली होती. जेथे चुंबक आधाराला येत नाही तेथे दिशादर्शक यंत्रणा हाताने, वेळोवेळी आणि काटेकोरपणे जुळवत राहावी लागते. ध्रुवीय उड्डाणांच्या प्रशिक्षणात हा अपघात मी नेहमी सविस्तर शिकवतो, कारण वर्गातील तरुणांना उपग्रहाधारित यंत्रणेमुळे दिशेचा प्रश्न कायमचा सुटला असे वाटत असते.

आता मूळ मुद्दा, विमान कोणते? रेझोल्यूटची धावपट्टी सुमारे १,९८० मीटर लांब असली तरी ती खडीची आहे. आजच्या बहुतेक जेट विमानांची इंजिने पंखांखाली जमिनीलगत लोंबतात आणि उडणारी खडी ती सरळ आत ओढून घेतील. जुन्या बोइंग ७३७-२०० या प्रकाराला खडीसाठी खास साज मिळत असे. पुढच्या चाकाशी खडी अडवणारा पत्रा आणि इंजिनाच्या तोंडाशी हवेचा झोत सोडून खडी दूर ठेवणाऱ्या नळ्या, असा तो साज होता. त्या विमानांची पिढी आता सरत आली आहे, आणि नियमित सेवेवर रेझोल्यूटला एटीआर ४२ जातीचे, दोन पंख्यांचे विमान येते. त्याचा व्यवहार्य पल्ला या मार्गाच्या निम्म्याहून फारसा अधिक नाही. लाँगयरब्येनची धावपट्टी याउलट डांबरी आणि सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे. १९७५ मध्ये तिचे उद्घाटन झाले आणि ओस्लो व ट्रोम्सोहून जेट विमाने तेथे नेमाने उतरतात, मात्र कायम गोठलेल्या जमिनीवर बांधल्याने खालचा बर्फ वितळून ती खचते आणि तिची डागडुजी वारंवार करावी लागते. थोडक्यात, मार्गाच्या एका टोकाला जेट चालते, दुसऱ्या टोकाला नाही, आणि संकेतस्थळाचे ३ तास ३४ मिनिटे दोन्ही टोकांना जेट चालते असे धरून काढलेले आहेत.

समजा एखाद्या संस्थेने खडीवर उतरू शकणारे जेट भाड्याने मिळवलेच, तर वेळ किती? वारा नसताना ताशी ८३० किलोमीटर वेगाने २,४८२ किलोमीटरला २ तास ५९ मिनिटे लागतील. समोरून ताशी ८० किलोमीटरचा वारा असेल तर ३ तास १९ मिनिटे, पाठीशी तेवढाच असेल तर २ तास ४४ मिनिटे. यावर चढण-उतरणीची पाच-दहा मिनिटे आणि जमिनीवरची हालचाल. आम्ही नियोजनात जो वेळ धरतो तो चाकाखालची अडसर काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा असतो आणि त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. रेझोल्यूटला विमानांची रांग नसते, त्यामुळे जमिनीवर चालण्याचा वेळ नगण्य असतो, पण पंखांवरचा बर्फ उतरवण्यात तो सगळा भरून निघतो.

खरी शक्यता ट्विन ऑटर या लहान विमानाची आहे. आर्क्टिकमधील संशोधनाचे हे बैलगाडीसारखे वाहन होय. चाकांऐवजी स्की (घसरपट्ट्या) बसवून ते बर्फावर उतरते आणि पाचशे मीटरच्या धावपट्टीवरूनही उडते. त्याचा वेग ताशी २७५ किलोमीटरच्या आसपास असतो. त्याला हा पल्ला एका दमात झेपणार नाही, म्हणून वाटेत इंधन घ्यावे लागेल. रेझोल्यूटहून एल्समियर बेटावरील युरेका हे हवामानकेंद्र सुमारे ६३० किलोमीटर, तेथून बेटाच्या उत्तर टोकावरील अलर्ट सुमारे ४९० किलोमीटर, अलर्टहून ग्रीनलंडच्या ईशान्य कोपऱ्यातील स्टेशन नॉर्द सुमारे ६९० किलोमीटर आणि नॉर्दहून लाँगयरब्येन सुमारे ७१५ किलोमीटर. ही बेरीज साधारण २,५२५ किलोमीटर भरते. तीन थांबे घेऊनही थेट वाटेपेक्षा जेमतेम चाळीसेक किलोमीटर अधिक! मोटारीने पुण्याहून नागपूरला जाताना जेवायला रस्ता सोडून आत गेलो तरी याहून मोठा वळसा पडतो. ही ठाणी जणू मार्गावरच ओवली आहेत, आणि नियोजन करणाऱ्याला नकाशावर असे दृश्य क्वचितच पाहायला मिळते.

मात्र कागदावरची ही सुबकता प्रत्यक्षात महाग पडते. २,५२५ किलोमीटरला ताशी २७५ ने सव्वानऊ तास हवेत जातात. प्रत्येक थांब्यावर इंधन भरणे, हवामान विचारणे आणि इंजिन गार पडू न देता पुन्हा निघणे यांत तासभर धरला तर बारा-साडेबारा तास होतात, आणि एवढा वेळ वैमानिकांच्या एकाच जोडीला सलग काम करू देणे ड्यूटीच्या नियमांच्या काठावर येते. म्हणून मुक्काम धरावा लागतो. अलर्ट हे कॅनडाचे लष्करी ठाणे आहे आणि नॉर्द हे डेन्मार्कचे. दोन्ही ठिकाणी आधी लेखी परवानगी घेतल्याशिवाय उतरता येत नाही आणि तेथील इंधन ठाण्याच्या स्वतःच्या गरजेसाठी साठवलेले असते. तेथपर्यंत इंधनाचा एकेक पिंप पोहोचवायला किती खटाटोप करावा लागतो हे लक्षात घेतले तर परवानगी द्यायला ते का रेंगाळतात हे समजते. त्यावर आपण तीन देशांच्या हद्दीतून जात आहोत, त्यामुळे सीमाशुल्क आणि पारपत्र यांची व्यवस्था वेगळी करावी लागेल.

इंधनाबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण आर्क्टिकमधील प्रवासाचा वेळ शेवटी इंधनावरच ठरतो. साधारण उड्डाणात आम्ही मार्गासाठी लागणारे इंधन, त्यावर अनपेक्षित गोष्टींसाठी नेहमीचे पाच टक्के, पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचे इंधन आणि अखेरची राखीव ३० मिनिटे असा हिशेब करतो. ज्या विमानतळाजवळ पर्यायच नाही, त्याला एकाकी विमानतळ मानून पर्यायाऐवजी त्याच्यावर दोन तास घिरट्या घालता येतील एवढे इंधन न्यावे लागते, आणि वाटेत एक असा बिंदू निश्चित करावा लागतो जेथून पुढे गेल्यावर परत फिरणे शक्य नसते. त्या बिंदूवर पोहोचताना गंतव्याचे हवामान पुरेसे चांगले नसेल तर विमान मागे वळते. लाँगयरब्येनला जवळचा भरवशाचा मोठा पर्याय म्हणजे ट्रोम्सो, सुमारे ९६० किलोमीटर दक्षिणेला. मुख्य भूमीवरून येणारी विमाने प्रसंगी लाँगयरब्येनवरून तशीच परत फिरून ट्रोम्सोला जातात, आणि प्रवाशांच्या दृष्टीने तो दिवस संपतो. संकेतस्थळाच्या ३ तास ३४ मिनिटांत असा दिवस धरलेला नाही.

थंडीचाही हिशेब आहे. जेट ए-१ हे इंधन उणे ४७ अंश सेल्सिअसला गोठते. जमिनीवर उणे ४० असताना उंचावर टाकीतील तापमान त्या मर्यादेकडे सरकू लागले की वैमानिकाला खाली उतरावे किंवा वेग वाढवावा लागतो, आणि दोन्हींमुळे वेळ व इंधन यांचे गणित बदलते. उंचीमापक यंत्र हवेच्या दाबावर चालते आणि थंड हवा दाट असल्याने ते खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवते. उणे ३० अंश तापमानात धावपट्टीपासून १,००० फूट उंचीवर असल्याचे दिसत असेल तर त्यात १९० फुटांची दुरुस्ती करावी लागते. ज्या ठिकाणी टेकड्या धुक्यात दडलेल्या असतात तेथे १९० फूट म्हणजे जीव वाचणे किंवा न वाचणे. याच भागात २९ ऑगस्ट १९९६ रोजी लाँगयरब्येनजवळच्या ऑपेरा पर्वतावर रशियन विमान आदळून १४१ जणांचा मृत्यू झाला होता. त्या दुर्घटनेचे कारण थंडी नव्हते, मार्गावरून बाजूला सरकणे हे होते, पण ढगांनी झाकलेले डोंगर मात्र तेच आहेत.

संपर्काचा मुद्दा आपल्याला कदाचित सुचला नसेल. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर टांगलेले असतात आणि सुमारे ८१ अंश अक्षांशापलीकडे ते क्षितिजाखाली जातात. आपल्या थेट मार्गाचा मधला भाग ८२.४ अंशांपर्यंत जातो, म्हणजे त्या पट्ट्यात नेहमीचा उपग्रह-दूरध्वनी बंद पडतो आणि विमानाला लघुलहरी रेडिओवर किंवा ध्रुवावरून फिरणाऱ्या इरिडियम उपग्रहांवर अवलंबून राहावे लागते. सूर्यावर वादळ झाले की ध्रुवीय प्रदेशात लघुलहरी शोषल्या जातात, आणि मग ध्रुवीय मार्ग त्या दिवसापुरते सोडून द्यावे लागतात. अमेरिकी नियमांनुसार ७८ अंश उत्तरेपलीकडच्या उड्डाणांसाठी विमानात कडाक्याच्या थंडीत वापरायचे किमान दोन विशेष पोशाख ठेवावे लागतात, जेणेकरून अनपेक्षित ठिकाणी उतरावे लागले तर कोणीतरी दार उघडून बाहेर काम करू शकेल. आमच्या कार्यालयात नवा माणूस आला की या दोन पोशाखांची नोंद पाहून हमखास हसायचा. मग त्याला विचारायचे, अलर्टला उणे ४० तापमानात उतरल्यावर तू विमानाच्या दाराबाहेर किती मिनिटे उभा राहशील?

हे सगळे भाड्याच्या विमानाबद्दल झाले. तिकीट काढून जाणाऱ्या माणसाची वाट वेगळीच आहे. रेझोल्यूटहून त्याला प्रथम दक्षिणेला इकालुइतला यावे लागते, सुमारे १,५७५ किलोमीटर. तेथून ओटावा सुमारे २,१०० किलोमीटर. मग माँट्रियाल, तेथून समजा फ्रँकफर्ट ५,८५० किलोमीटर, पुढे ओस्लो ११४० किलोमीटर आणि शेवटी ओस्लोहून लाँगयरब्येन सुमारे २,००० किलोमीटर. ही बेरीज १२,८०० किलोमीटरच्या घरात जाते, थेट अंतराच्या पाचपट. हवेतील वेळ वीस तासांच्या आसपास असला तरी रेझोल्यूटहून आठवड्यात मोजकीच विमाने सुटतात, जोडणीसाठी ओटावात आणि ओस्लोत रात्र काढावी लागते, त्यामुळे सगळे सुरळीत झाले तरी तीन दिवस धरावेत. इनुइट लोक रेझोल्यूटला काउसुइत्तुक म्हणतात आणि त्याचा अर्थ पहाट नसलेले ठिकाण असा होतो. तेथे धुक्यात अडकलेल्या माणसाला सकाळच्या विमानाची वाट पाहताना हे नाव नेमके वाटत असणार. माझा सल्ला असा की प्रस्तावात तीन दिवस प्रवासाचे आणि त्यावर चार दिवस हवामानाचे राखीव, असा आठवडा मांडावा. घड्याळाचीही नोंद ठेवावी. दोन ठिकाणांत सात तासांचा फरक आहे, पण उत्तर अमेरिका आणि युरोप उन्हाळी वेळ वेगवेगळ्या तारखांना बदलत असल्याने मार्च आणि शरद ऋतूतील काही आठवडे तो सहा तासांचा होतो.

आता लाँगयरब्येन ते नी-ऑलेसुंड हा शेवटचा टप्पा. भारतीय वाचकाच्या दृष्टीने तो अधिक जवळचा आहे, कारण गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र ‘हिमाद्री’ चालवते आणि १ जुलै २००८ पासून आपले शास्त्रज्ञ याच वाटेने तेथे जात आहेत. अंतर केवळ ११० किलोमीटर. संकेतस्थळाच्या सूत्राने हा प्रवास ३८ मिनिटांचा येतो, पण प्रत्यक्षात डॉर्नियर २२८ विमान तो सुमारे २५ मिनिटांत संपवते. येथे सूत्र उलट बाजूने चुकते, कारण मोठ्या विमानतळांसाठी ठेवलेला अर्धा तास या लहानशा मार्गावर निम्माही लागत नाही. हेच डॉर्नियर २२८ आपल्याकडे कानपूरला परवान्याखाली तयार होते, त्यामुळे त्याची ताकद मला चांगली माहीत आहे. नी-ऑलेसुंडची सुमारे ८०० मीटरची खडीची पट्टी त्याच्यासाठी पुरेशी आहे.

पण हे २५ मिनिटांचे विमान रोज नसते, आठवड्यातील ठरावीक दिवशीच असते आणि सामानावर कडक मर्यादा असते. धुके उतरले की ते थांबते आणि पुढची फेरी दोन-तीन दिवसांनी असू शकते. म्हणजे २,४८२ किलोमीटरच्या टप्प्याचा आपण विचार करत असताना अखेरच्या ११० किलोमीटरनीच आपला आठवडा खाल्ला, असे होणे अगदी शक्य आहे. जड पेट्या जहाजाने पुढे पाठवाव्यात, हाताशी फक्त नाजूक उपकरणे ठेवावीत. नी-ऑलेसुंडला आणखी एक बंधन आहे. तेथील भूगणितीय वेधशाळा आकाशातील अतिक्षीण रेडिओ संकेत ग्रहण करते, म्हणून परिसरात वाय-फाय आणि ब्लूटूथ चालू ठेवता येत नाही. आपल्या उपकरणांत असे काही असेल तर ते बंद करण्याची सोय आधीच पाहावी.

एक ऐतिहासिक नोंद येथे अवांतर असली तरी राहवत नाही. याच नी-ऑलेसुंडहून ११ मे १९२६ रोजी ‘नॉर्गे’ ही हवाई नौका (वायूने भरलेले एअरशिप) ध्रुवाकडे निघाली आणि ध्रुव ओलांडून अलास्कातील टेलर येथे १४ मे रोजी उतरली. थेट अंतर सुमारे ४,००० किलोमीटर, वेळ सुमारे तीन दिवस. तिला बांधण्यासाठी उभारलेला मनोरा गावात अजून उभा आहे. संकेतस्थळाला विचारले तर ते याच अंतराला साडेपाच तास सांगेल.

पारपत्राबद्दल आपण विचारले नव्हते, पण यात अडकलेली माणसे मी पाहिली आहेत म्हणून सांगतो. स्वालबार्डला जाण्यासाठी स्वतंत्र व्हिसा लागत नाही, मात्र ते शेंगेन क्षेत्राच्या, म्हणजे सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. भारतीय नागरिक ओस्लोमार्गे लाँगयरब्येनला गेला की शेंगेन क्षेत्रातून बाहेर पडतो आणि परत येताना पुन्हा आत शिरतो, त्यामुळे त्याला किमान दोन प्रवेशांचा शेंगेन व्हिसा हवा. एकाच प्रवेशाचा असेल तर परतीची वाट बंद होते. कॅनडाचा व्हिसा अर्थातच वेगळा लागेल.

म्हणून प्रस्तावाच्या तक्त्यात मी असे लिहीन : रेझोल्यूट ते लाँगयरब्येन, लंबगोलीय अंतर २,४८२ किलोमीटर, थेट सेवा नाही, तिकिटाच्या मार्गाने सुमारे १२,८०० किलोमीटर, तीन दिवस अधिक चार दिवस राखीव, भाड्याच्या ट्विन ऑटरने युरेका, अलर्ट व नॉर्दमार्गे सुमारे २,५२५ किलोमीटर, हवेत सव्वानऊ तास, परवानग्या मिळाल्यास मुक्कामासह दोन दिवस. लाँगयरब्येन ते नी-ऑलेसुंड, ११० किलोमीटर, उड्डाण २५ मिनिटे, राखीव तीन दिवस. ट्विन ऑटरचा पर्याय गंभीरपणे घ्यायचा असेल तर अलर्ट आणि नॉर्द या दोन्ही ठाण्यांना इंधनाच्या पिंपांची संख्या आणि महिना कळवून विचारणा आजच करावी, कारण पुढच्या उन्हाळ्याचा साठा ही ठाणी फार आधी ठरवतात.